एक पावडी आणि एक गुडघा

सोलापूरच्या साखर पेठेतल्या ईरप्पाला खोड एकच होती. कुठलीही वस्तू समोर आली की ती वरून बघून त्याचं समाधान होत नसे. खालून बघावी लागे. दोस्त रुद्रप्पाचा टांगा त्यानं खालून बघितला होता. शेजारच्यांनी हौसेनं आणलेला फोनोही त्यानं उपडा करून बघितला, आणि तेव्हापासून तो फोनो कुठलंही गाणं ताप भरल्यासारखं कण्हत म्हणू लागला. ईरप्पा विणकर होता, हातमागावर लुगडी विणायचा. माग ही वस्तू मुळातच अर्धी जमिनीखाली असते, त्यामुळे खोड धंद्याला शोभत होती एवढंच.

लग्न ठरवायला तो मैंदर्गीला गेला तेव्हाही हेच झालं. मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तर नवरदेव जागेवर नाही. तो भावी सासऱ्याच्या मागाच्या खड्ड्यात उतरून पावड्या बघत होता. पावडी म्हणजे विणकरानं पायानं दाबायची लाकडी फळी. एक दाबली की निम्मी सुतं वर येतात, दुसरी दाबली की उरलेली निम्मी. डावा, उजवा, डावा, उजवा, असं जन्मभर. सासरे शिवप्पा यांच्या पावड्यांना टाचा बसून बसून चांगल्या वाटीएवढ्या खळग्या पडल्या होत्या, आणि ईरप्पा त्या खळग्यांवरून हात फिरवत होता. शिवप्पांनी ‘पोरगं कामाचं हाय’ म्हणून तिथल्या तिथं सुपारी फोडली. मुलीला, म्हणजे बाळाबाईला, आपला नवरा पहिल्यांदा दिसला तो डोक्यापासून छातीपर्यंतच. बाकीचा खड्ड्यात होता.

शिवप्पांना मुलगा नव्हता. ते गेले तेव्हा मागावर एक लुगडं अर्धं विणून राहिलं होतं. बाळाबाईनं भावकीतल्या कुणाला हात लावू दिला नाही. माग सुटा केला, अर्धं लुगडं ताण्यासकट गुंडाळलं आणि सगळं बैलगाडीत घालून सोलापूरला आणलं. मागच्या खोलीत ईरप्पाच्या मागाशेजारी खड्डा खणून तो माग मांडला. त्यावर विणायचं कुणीच नाही, पण झाडायचा रोज, आणि दसऱ्याच्या खंडेनवमीला पूजा आधी त्याची, मग पोटापाण्याच्या मागाची. ईरप्पाला यात काही वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर त्याला यात काही वाटलंच नाही, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती. शहरात बोलपट आले होते, आणि एका थेटरात खेळाच्या आधी लांबच्या कुठल्याशा बेटावरची एक गाणारी कंपनी आली. रुद्रप्पानं टांग्यातून त्यांचं सामान वाहिलं होतं, म्हणून त्याला आणि त्याच्या दोस्ताला फुकट आत सोडलं. रुद्रप्पा दिवसा टांगा हाकायचा आणि सोमवारी मठातल्या भजनात तबला वाजवायचा. ईरप्पा त्याच भजनात टाळ धरायचा. त्या दिवशी थेटरात एका गोऱ्यागोमट्या माणसानं मांडीवर एक वाद्य आडवं घेतलं, तारांवरून लोखंडाचा दांडा सरकवला, आणि वाद्य माणसासारखं हुंदका देऊन गाऊ लागलं. रुद्रप्पा म्हणाला, “बरं वाजिवतोय.”  ईरप्पा खुर्चीच्या कडेवर येऊन, मान वाकडी करून, ते वाद्य खालून दिसतंय का ते बघत होता.

महिन्याभरात त्यानं तसलं एक स्वतः केलं. सागवानाची फळी, तिच्याखाली घुमायला रॉकेलचा डबा, सतारीच्या सहा तारा, आणि सरकवायला गिरणीतल्या चातीचा गुळगुळीत तुकडा. ही फळी एका तिवईवर आडवी ठेवून तो तिच्यापुढे स्टुलावर बसे. पेठेनं तिचं नाव आडवी सतार ठेवलं. पहिले काही दिवस ती वाजायला लागली की गल्लीतली शेळी ओरडायची. पुढे पुढे शेळी ओरडेनाशी झाली, त्यावरून ईरप्पानं ओळखलं की आपला हात बसतोय.

हात बसला, पण मन बसेना. अडचण अशी होती की दांडा सरकवला की सगळ्या तारा एकदम चढायच्या आणि एकदम उतरायच्या. एक मेंढी वळली की सगळा कळप वळतो, तसं. ईरप्पाला हवं होतं की बाकीच्या तारांनी जागेवर थांबावं आणि एकीनंच हळूच वर जावं. मागावर बसल्याबसल्या तो हाच विचार करत होता, आणि त्याचा पाय पावडीवर पडला. निम्मी सुतं वर गेली. निम्मी जागेवर राहिली. ईरप्पानं धोटा खाली ठेवला.

तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या मागं तारेला दोरी बांधायची, दोरी फळीतल्या भोकातून खाली न्यायची आणि पावडीला बांधायची. पावडी दाबली की तार ताणणार, सूर चढणार. सोडली की परत जागेवर. एवढं साधं होतं. पावड्या तेवढ्या हव्या होत्या. स्वतःच्या मागाच्या काढल्या तर चूल बंद पडली असती. आणि शेजारचा माग तर रिकामाच उभा होता की. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ईरप्पा त्या खड्ड्यात उतरला आणि शिवप्पांच्या दोन्ही पावड्या सोडवून घेऊन आला. विचारावं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. लाकूड रिकामं होतं, त्याला काम दिलं, असाच त्याचा हिशेब.

खंडेनवमीला बाळाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन वडिलांच्या मागापाशी गेली. तिनं वर फूल वाहिलं, मग पावड्यांना कुंकू लावायला खड्ड्यात वाकली, आणि तिचं बोट तसंच हवेत राहिलं.  मग उठली, ताट उचललं, आणि पुढच्या खोलीत येऊन आडव्या सतारीखालच्या दोन्ही पावड्यांना कुंकू लावलं. ईरप्पाला वाटलं, झालं, बायकोला पसंत पडलं. त्यानं खुशीत विचारलं, “वाजवून दावू का?” बाळाबाई आत गेली, आणि तेव्हापासून ती नवऱ्याशी बोलायची बंद झाली.

अबोला पेठेला नवा नव्हता. पण भांडून धरलेला अबोला चार दिवसांत आपोआप फाटतो. हा भांडणावाचून धरलेला होता, त्यामुळे तो कुठून फाडायचा तेच ईरप्पाला कळेना. घरात तिसरं माणूस म्हणजे ईरप्पाची आई अंबुबाई. तिच्यामार्फत सगळा कारभार चाले.

“आत्या, तुमच्या लेकाला सांगा, पीठ संपलंय.”

अंबुबाई ओट्यावर येऊन सांगायची, “ईरप्पा, ती म्हंती पीठ आन. आनि अव्वाला, म्हंजी मला, तपकीर आन म्हंती.”

“तपकीर ती कशाला म्हंल?”

“मला काय म्हाईत. मी आपली निरोप्या.”

अशानं अंबुबाईला त्या हिवाळ्यात तपकीर, नवी घोंगडी आणि आठवड्याला ताजी भजी मिळाली. अबोला मिटावा अशी तिला घाई होती, असं कुणी म्हणू नये.

इकडे दोन पावड्यांची आडवी सतार मठातल्या सोमवारच्या भजनाला गेली. एकेक पावडी सावकाश दाबून घरी सगळं झकास जमत होतं. मठात मात्र रुद्रप्पानं ठेका धरला, भजन रंगात आलं, आणि ईरप्पाचे पाय आपल्या गावाला निघून गेले. डावा, उजवा, डावा, उजवा. वीस वर्षांची सवय ती. एक पाय खाली गेला की दुसरा वर येणारच, आणि ठेक्यावर तर हमखास. हात एक गाणं वाजवत होते आणि पाय लुगडं विणत होते. प्रत्येक ठोक्याला कुठली ना कुठली तार वर जात होती नि खाली येत होती. देवाचं नाव असं कापत कापत निघालं की पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी शाली आवळल्या.

मठ विणकरांनीच भरलेला. त्यांना काय झालंय ते लगेच कळलं.

“ईरप्पा, किती वार झालं लुगडं?” मागून एकानं विचारलं.

“काठ सुटलाय बघ डावीकडला,” दुसरा म्हणाला.

हसू एवढं उसळलं की मठाच्या स्वामींनीही पदर नसल्यामुळे उपरण्यात तोंड लपवलं. ईरप्पाचे कान लाल झाले. घरी आला तो थेट आत जाऊन अंबुबाईला म्हणाला, “अव्वा, तिला सांग, कायबी झालं न्हाय.” आतून बाळाबाई म्हणाली, “आत्या, मी इचारलं न्हाय.”

दुसऱ्या दिवशी त्यानं डावी पावडी काढली. एकच पावडी राहिली तर पाय कुणाशी आळीपाळी करणार? काढलेली पावडी ठेवायची कुठं म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला सासऱ्याच्या मागाचा रिकामा खड्डा नीट दिसला. त्याला एकदम चोरी केल्यासारखं वाटलं. बाळाबाई पाण्याला गेलेली बघून त्यानं डावी पावडी गुपचूप जागच्या जागी बांधली. त्या दिवशी त्याच्या ताटात शेंगाचटणीवर तेल होतं. दसऱ्यापासून चटणी कोरडीच येत होती. शब्द मात्र आला नाही. ईरप्पानं तेल बोटानं निपटून खाल्लं आणि समजला की निम्मा राग गेला आहे, आणि उरलेला निम्मा उजव्या पायाखाली आहे.

पण उजवी पावडी सोडवेना. तिच्यातल्या शिवप्पांच्या खळगीत त्याची टाच अशी बसायची की तार नेमकी हवी तिथं जाऊन थांबे. त्यानं बाभळीची एक नवी पावडी करून बघितली. तिच्यावर टाच घसरायची, सूर कधी अलीकडे पडायचा, कधी पलीकडे. गड्डा होऊ दे, मग देऊ, असं त्यानं स्वतःलाच सांगितलं. कारण संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिलाच गड्डा म्हणतात, आणि रुद्रप्पानं किंक्रांतीच्या दुपारी तिथल्या एका मांडवात मंडळाचं भजन ठरवलं होतं. अक्कलकोटापासून मोहोळापर्यंतची माणसं येणार. एकदा त्या मांडवात आडवी सतार वाजली की मठातलं ‘किती वार झालं’ पुसलं जाणार होतं. ईरप्पाला आयुष्यात दुसरं काही मागायचं नव्हतं. म्हणजे, एक होतं. पण ते कुणाकडं मागायचं तेच उमजत नव्हतं.

डावा पाय बेकार झाला आणि दुसरंच लचांड उभं राहिलं. पावडी नाही तर तो भुईवर आपटू लागला.

“तुझा पाय माझ्या तबल्यावर नाचायलाय,” रुद्रप्पा म्हणाला. “त्येला दावं लाव.”

दावं लावलं. उपरण्यानं डावा पाय स्टुलाच्या पायाला बांधला. भजन बरं झालं. नंतर प्रसाद घ्यायला ईरप्पा लगबगीनं उठला आणि स्टुलासकट स्वामींच्या पायावर पडला. स्वामींनी आशीर्वाद दिला. पाय बांधलेला राहिला, तरी त्याचा गुडघा काही स्वस्थ बसेना. ठेका आला की तो बाहेरच्या बाजूला हलून तिवईच्या पायावर टकटक करायचा. ईरप्पा नेहमीप्रमाणे खाली वाकून बघू लागला, आणि त्याच्या लक्षात आलं की गुडघा उगाच टकटकत नाहीये. तो काम मागतोय. त्यानं तिथं एक लाकडी पट्टी टांगली आणि तिची दोरी दुसऱ्या एका तारेला बांधली. गुडघा बाहेर रेटला की ती तार अर्ध्या सुरानं चढे. काम मिळाल्यावर डावा पाय एवढा शहाण्यासारखा वागू लागला की उपरणंही सोडून टाकलं. रिकामटेकड्याला दरडावून गप्प बसवता येत नाही, त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं. हे पेठेत सगळ्यांना माहीत होतं, पायालाही लागू आहे हे ईरप्पानं शोधलं.

एक पावडी, एक गुडघा. भजनात पेटी वाजवणारे पंचाक्षरी मास्तर येऊन बघून गेले आणि म्हणाले, “सहा तारा हैत तर सहा पावड्या कर की. सगळे राग निघतील.”

“पाय दोनच हैत, मास्तर,” ईरप्पा म्हणाला. “आनि ते बी माझं ऐकत न्हाईत.”

आता वाद्य खरोखर गाऊ लागलं. दांडा सरकत सरकत थांबायचा, बाकीच्या तारा धरून राहायच्या, आणि मधली एकच तार उठून वर जायची. गल्लीत जाणारी माणसं ओट्याशी थांबायची. तेलुगू बायका सुताच्या कांड्या भरता भरता रहाट थांबवायच्या. ईरप्पाची नजर मात्र वाजवताना आतल्या दाराकडं असे. आतून भाकरी थापल्याचा आवाज यायचा. तो एकदाही थांबला नाही. पेठेनं मान डोलावली, आणि घरातलं एक माणूस डोलावत नाही, याचं त्याला फार वाईट वाटायचं. त्यानं गजरे आणून बघितले. ते अंबुबाईनं ‘तुझ्यासाटीच हैत म्हंतोय’ असं स्वतःलाच सांगून अंबाड्यात घातले. त्यानं मैंदर्गीकडची कन्नड पदं वाजवून बघितली. भाकरी थापणं चालूच.

संक्रांत आली. सकाळपासून घरोघर तीळगूळ वाटला जात होता, ‘गोड बोला’ म्हणून जो तो एकमेकांना बजावत होता. ईरप्पानं मुद्दाम नवं धोतर नेसलं आणि बाळाबाईपुढं तळहात पसरला. बोलल्यावाचून तीळगूळ देता येत नाही, आज ती सापडली, असा त्याचा डाव. बाळाबाईनं त्याच्या तळहातावर तिळाचा लाडू ठेवला, त्याच्याकडं नीट बघितलं, आणि एक अक्षर न बोलता शेजारणीकडं गेली. ईरप्पा लाडू हातात धरून उभा राहिला. तो खाववेना आणि ठेववेना.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. जेवणं झाली तसा रुद्रप्पाचा टांगा दाराशी येऊन लागला. सतार टांग्यात चढवायची, तिवई चढवायची, एवढंच राहिलं होतं. ईरप्पा उजवी पावडी दोरीनं घट्ट करत बसला होता. टाच खळगीत बसवून त्यानं एकदा दाबून बघितली. मग त्याचा पाय तिथंच थांबला. खळगी त्याच्या टाचेला बसत होती, पण ती त्याच्या टाचेनं पाडलेली नव्हती. किती साधी गोष्ट! डावी पावडी परत ठेवली तीही लपून. गजरे दिले तेही दुसऱ्याच्या हातून.

“अव्वा,” तो म्हणाला, “तिला जरा सांग—”

“आज मी काय सांगनार न्हाय,” अंबुबाई म्हणाली. “आज किंक्रांत हाय. आनि तुला तोंड हाय.” नव्या घोंगडीत गुरफटून तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

ईरप्पा उठून मागच्या खोलीत गेला. बाळाबाई रहाटावर कांड्या भरत होती. तो तिच्यापुढं भुईवर बसला.

“बाळे,” तो म्हणाला, “दसऱ्याआदी मी तुला न इचारता पावड्या काडल्या. तुज्या आप्पाच्या हुत्या. मला इचारायचं सुचलंच न्हाय. आता इचारतो. ती उजवी आजच्या दिवस, गड्ड्यापुरती, देशील का?”

रहाट थांबला. बाळाबाईनं हातातलं सूत तोडलं.

“न्हाय,” ती म्हणाली.

ईरप्पाला वाटलं आपल्याला भास झाला. मग कळलं की भास नाही, आणि त्याला असा आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. “न्हाय तर न्हाय,” म्हणत तो पुढच्या खोलीत पळाला, आडव्या सतारीखाली उताणा झोपला आणि गाठी सोडू लागला. बाळाबाई त्याच्या मागोमाग दारात येऊन उभी राहिली होती. दसऱ्यापासून साठलेलं आता बांध फुटून यायला लागलं.

“आवं, रिकामं लाकूड वाटलं तुमाला? आप्पांचा पाय हाय त्यात. ते गेल्यावर घरात त्येंचं दुसरं काय उरलंय? माझ्या बापाचा पाय काडून न्हेला, आनि मला म्हंता, वाजवून दावू का? सवताच्या तोंडानं मागताना लाज वाटली का? चटनीवर तेल घातलं तर तेल चाटून खाल्लं, पन इचारलं न्हाय ते न्हायच.”

“व्हय,” खालून ईरप्पा म्हणाला.

“व्हय काय व्हय? आनि गजरे आत्याच्या डोक्यात कुनी घातलं? म्हातारीला भजी चारून चारून खोकला लागलाय. आनि ती तिसरी तार उतरलीया. सोमवारपास्नं उतरलीया, मी आतनं ऐकतीया की. गड्ड्यात समद्या मुलखापुढं तसंच वाजिवनार हुता?”

ईरप्पाचे हात दोरीवर थांबले. तिनं तिसरी तार ऐकली होती. म्हणजे भाकरी थापत असताना ती सगळं ऐकत होती, रोज, अगदी तारेगणिक. पावडी सुटून त्याच्या छातीवर पडली. ती तशीच दोन्ही हातांनी धरून तो उठला, मागच्या खोलीत गेला आणि खड्ड्यात उतरला. बाळाबाई काठावर उभी राहून, गाठ कुठं मारायची ते दाखवत, बोलतच होती. आता तिच्या तक्रारी आत्याच्या नव्या घोंगडीपर्यंत आल्या होत्या.

बाहेर घोडं खुरं आपटू लागलं. रुद्रप्पानं दारातून आत डोकं घातलं.

“ईरप्पा, मांडव भरला आसंल. ती बाभळीची घे आनि चल बिगीबिगी.”

डोक्यापासून छातीपर्यंत दिसणाऱ्या ईरप्पानं खड्ड्यातून हात वर करून त्याला गप्प केलं.

“थांब की जरा,” तो म्हणाला. “ती बोलायलीय.”